क्रमांक एक: अस्वलाचं नख

फॉरेस्टची जीप दुकानासमोर थांबली तेव्हा त्रिशला स्वयंपाकघरात पाणी गाळत होती. सकाळचे अकरा वाजले होते. पुढच्या खोलीत गोमटेशचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मागं घर. निपाणीच्या आसपासच्या शेतांतल्या जळालेल्या मोटारी सोडवायच्या आणि त्यांत नवी तांब्याची तार भरायची, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. तिला वाटलं, सरकारी रोपवाटिकेतली मोटर जळली असेल.

"अस्वलवाले ते हेच काय री?" खाकी गणवेशातल्या बाईनं विचारलं.

"मीच की!" गोमटेश हात पुसत उठला. "या मॅडम, या. तुमी पण व्हिडिओ बघितला व्हय?"

"बघितला. म्हणूनच आलो."

महिन्याभरापूर्वी लेक ब्राह्मी बेंगळुरूहून सुट्टीला आली होती. तिनं बापाच्या अस्वलांचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला आणि तेव्हापासून माणसं यायला लागली होती. कुणी चिकोडीहून, कुणी कोल्हापूरहून. एरवी मोटारीखेरीज दुसरं न बोलणारा गोमटेश अस्वलं दाखवायला लागला की थांबायचा नाही. आताही त्यानं मॅडमना आणि त्यांच्यासोबतच्या गार्डला बूट काढायला लावले आणि मधल्या खोलीत नेलं.

तिथं भिंतभर काचेचं कपाट होतं. पाठीवर वात ठेवायची सोय असलेलं पितळी अस्वल. अस्वलाच्या तोंडाचा अडकित्ता, जबड्यात सुपारी धरायची. अस्वल छापलेल्या जुन्या काडेपेट्या. चावीचं जर्मन अस्वल. चावी दिली की ते अजून दोन पावलं चालायचं आणि डाव्या अंगावर पडायचं. बेळगावच्या एका भंगारवाल्याकडून उचललेलं दरवेशाचं डमरू आणि अस्वलाच्या नाकात घालायची दोरी. सगळ्या मिळून एकशे बारा वस्तू. प्रत्येकीपुढं कार्ड, त्यावर गोमटेशच्या वळणदार अक्षरात काय आहे, कुठल्या सालचं, आणलं कुणी.

"ही दोरी आणली तवा आमची ही महिनाभर या खोलीत आली न्हाय," गोमटेश त्रिशलाकडं बघून हसला.

बाकी कुणी हसलं नाही. गार्ड दोरीकडं बघतच नव्हता. तो सरळ वरच्या खणाचे फोटो काढत होता. 

"चहा ठेवू?"

"नको," मॅडम म्हणाल्या. त्या एका शब्दावरून त्रिशलाला कळलं, ही पाहुणी नव्हे.

वरच्या खणात एकच वस्तू होती. काळ्या दोऱ्यात ओवलेलं, चांदीची टोपी चढवलेलं, बोटभर लांबीचं वाकडं काळं नख. क्रमांक एक.

"हे अस्सल?"

"शंभर टक्के. माझा आज्जा गुंडाप्पा लाकडाच्या व्यापारासाठी खानापूरला जायचा. तिथल्या एका लाकूडतोड्यानं त्याला दिलेलं. आमच्या घरात कुठलंबी लेकरू भ्यायला लागलं की त्याच्या गळ्यात हेच. मी तर लई भित्रा, मॅडम. पान हाललं तरी आईच्या पदरात. हे बांधलं आन् भ्या गेलं. तवापासनं अस्वल म्हटलं की मला सोडवत न्हाय बघा. पुढं माझ्या ब्राह्मीला पण हेच बांधलं."

"महादेव, लिही," मॅडम गार्डला म्हणाल्या. मग गोमटेशकडं वळल्या. "अस्वलाचं नख घरात ठेवणं गुन्हा हाय. केस झाली तर कमीत कमी तीन वर्षं. आत्ता आमच्यासंगं बेळगावला चलायला लागंल."

गोमटेश हसायला गेला, पण जमलं नाही. "मी कुठं अस्वल मारलं? आमी मुंगीबी मारत न्हाय."

"मारलं म्हणालो काय मी? ठेवलं म्हणालो."

 बाहेर कुणीतरी मोटर न्यायला आलं होतं, ते जीप बघून परत गेलं. मॅडमनी आवाज जरा खाली आणला.

"हे बघा, बाजारात नकली पण लई मिळतात. प्लास्टिकची, लाकडाची. तुमी सांगता तेच मी लिहिणार. नीट विचार करा आन् बोला."

महादेवनं पेन वर उचललं. त्रिशलानं नवऱ्याकडं बघितलं. एक शब्द. नकली, एवढंच म्हणायचं होतं.

"नकली?" गोमटेशचा चेहरा लाल झाला. "आज्ज्यानं दिलेल्या नखाला नकली म्हणू? व्हिडिओत लाख माणसांसमोर अस्सल म्हणून सांगितलंय. लिहा. अस्सल हाय."

"अहो..."

"तू गप गं."

बावीस वर्षं ती गपच होती. ब्राह्मी चार महिन्यांची असताना झोपेतून दचकून उठायची, किंचाळायची. सासूनं पेटीतून हे नख काढलं. पाणीसुद्धा गाळून पिणारं जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवणारं, आणि तिथं लेकराच्या छातीवर मेलेल्या जनावराचं नख! ते पोर तोंडात घालणार, चोखणार. त्रिशलाला अन्न जाईना. बोलायची सोय नव्हती. चांदी सैल झालीय म्हणून तिनं ते माहेरच्या ओळखीच्या सोनाराकडं, यल्लाप्पा पत्ताराकडं नेलं. त्यानं शिसवी लाकूड कोरून हुबेहूब तसंच नख केलं, वर तीच चांदीची टोपी बसवली. खरं नख वेदगंगा नदीत सोडतो म्हणाला. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. यल्लाप्पा जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "ते लाकूड हाय."

गोमटेशनं झटकन वळून बघितलं. "मला वाचवायला खोटं बोलतीया ही. लिहू नका, मॅडम."

"सगळ्यांच्या बायका असंच म्हणतात. परवा एकीनं साबणाचं हाय म्हणून सांगितलं."

"मग तापलेलं दाभण लावून बघा. नख असलं तर केस जळल्यागत वास येईल. लाकूड असलं तर लाकडाचा."

मॅडमनी थोडा विचार केला. "चला. माझ्यासमोर. पण केसाचा वास आला, तर मग मला काय म्हणायचं न्हाय."

त्यांनी रुमालात धरून नख उचललं. त्रिशला पुढं झाली, स्वयंपाकघरात गेली, डब्यातून दाभण काढलं, चिमट्यात धरलं आणि गॅस पेटवला. मॅडम आणि महादेव नख घेऊन मागोमाग आत आले.

"अगं, दुकानात सोल्डरिंगचं मशीन हाय की," गोमटेश उंबऱ्यापाशी येऊन म्हणाला. "तुझ्या गॅसवर कशाला ते..."

वाक्य तिथंच तुटलं. ब्राह्मीनं एकदा अंड्याचा केक आणला होता, तो डबा त्रिशलानं या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. पोरगी दोन दिवस रुसली, तरी नाही. दाभण लाल होत होतं. गोमटेश दाभणाकडं बघतच नव्हता. तो तिच्या हाताकडं बघत होता. वास यायच्या आधीच त्याला ते लाकूड असल्याचं कळलं होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

आणि नेमकं तेव्हाच तिला शंका आली. टोपी काढून तिनं कधी बघितलं होतं? यल्लाप्पानं आळस केला असेल तर? जुनंच नख घासूनपुसून परत दिलं असेल तर? नवऱ्याला तुरुंगात धाडणारं दाभण तिनं आपल्या हातानं तापवलं होतं, तेही आपल्याच गॅसवर.

महादेवनं चिमटा घेतला आणि दाभणाचं टोक नखाच्या पोटात दाबलं. चर्र झालं. बारीक निळसर धूर वर आला. मॅडम वाकल्या, एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.  महादेवनं नाक जवळ नेलं.

"लाकूड, मॅडम. सुताराच्या दुकानातला वास."

त्रिशलानं गॅस बंद केला.

"आन् खरं कुठाय?" मॅडमनी विचारलं.

"बावीस वर्षं झाली. वेदगंगेत."

"कुणी टाकलं?"

"तो माणूस आता न्हाय, मॅडम."

मॅडमनी नख गोमटेशच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "लाकडी, असं लिही. सही घे. आन् तो व्हिडिओ आजच्या आज काढून टाकायला सांगा लेकीला."

'लाकडी' या शब्दाखाली गोमटेशनं सही केली. एरवीच्या वळणदार अक्षरात नाही, कशीतरी.

जीप गेली. तो कपाटासमोर उभा राहिला, हातात नख.

"आईला ठाऊक हुतं?"

"न्हाय."

"ब्राह्मीला?"

"न्हाय."

"मग ती भ्यायची थांबली ती कशानं?"

तीन महिने, पोरीला खांद्यावर टाकून, याच खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्रिशला फिरली होती. हे उत्तर तिच्याजवळ तेव्हापासून तयार होतं.

"मोठी झाली ती," एवढंच ती म्हणाली.

त्यानं नख परत वरच्या खणात अडकवलं, भाजल्याचा ठिपका मागं करून. जुनं कार्ड काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"लाकूड कुठलं?" तिच्याकडं न बघता त्यानं विचारलं.

"शिसव."

त्यानं लिहिलं. साल विचारलं, तेही लिहिलं. मग 'आणलं कुणी' या ओळीपाशी पेन थांबलं. ती दाराशी उभी होती. त्याला दिसत होती. शेवटी ती ओळ तशीच मोकळी ठेवून त्यानं कार्ड नखापुढं उभं केलं, कपाटाची काच सरकवली आणि दुकानात जाऊन कुणाचीतरी जळालेली मोटर उघडायला घेतली.