कोणासारखं गाऊ?

मी रेकॉर्डिंगच्या धंद्यात होतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, "काय हो, मोठा आवाज म्हणजे नेमकं काय असतं?" न्हाव्याच्या खुर्चीत मान अडकलेली असते, तेव्हाही विचारतात. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. सूर म्हणावा, तर सूर आता यंत्र लावतं. बेसूर माणसाला सुरात आणायची सोय माझ्याच टेबलावर होती आणि मी ती कोणाकोणासाठी वापरली हे सांगायला लागलो, तर उद्यापासून मला रस्त्याने फिरता येणार नाही. गोडवा म्हणावा, तर गोड आवाज पैशाला पासरी मिळतात. मला या प्रश्नाचं थोडंफार उत्तर ज्या बाईमुळे कळलं, तिचं गाणं तुम्ही कधी ऐकलेलं नाही. तिला आमच्या स्टुडिओत सगळे डमीताई म्हणत.

हे नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण चिकटलं. तिचं काम असं होतं की मोठ्या गायिकेला नवं गाणं शिकवत बसायला कोणालाच वेळ नसतो, म्हणून आधी कोणीतरी ते पूर्ण गाऊन ठेवायचं. मग मोठ्या बाई यायच्या, कानाला हेडफोन लावायच्या. त्यात डमीताई गात असायची आणि तिच्या मागोमाग बाई एकेक ओळ गायच्या. बाईंचं काम झालं की डमी पुसून टाकायची. पुसायचं काम माझं. मला त्यात कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? इमारत उभी राहिली की बांबू काढतात, त्यातलंच ते.

नुसतं गाऊनही भागत नसे. गाणं ज्या बाईंसाठी असेल त्यांच्यासारखं गायचं, म्हणजे संगीतकाराला आधीच अंदाज येतो. "आज कोणासारखं गाऊ?" चपला काढता काढताच डमीताई विचारायची. मी सांगायचो, ती मान डोलवायची, काचेपलीकडच्या खोलीत जायची आणि तिथून भलतीच बाई गायला लागायची. एका बाईंना 'श' म्हणताना जीभ जराशी जड व्हायची, तर हिचीही व्हायची. एकदा त्याच बाई हेडफोन लावून डमी ऐकत होत्या आणि गोंधळून म्हणाल्या, "हे मी कधी गायले?" आम्ही पोट धरून हसलो. डमीताईही हसली, पण हसली ती त्या बाईंसारखीच.

ती मला दादा म्हणायची आणि मी तिला ताई. दोघांत मोठं कोण हे आम्ही कधी विचारलं नाही. काम संपलं की ती आपली पिशवी उचलून निघायची. गप्पा मारत रेंगाळलीय, असं फारसं झालं नाही.

तिच्या घरी मी एकदाच गेलो. तापाने आडवी होती म्हणून औषध पोचवायला गेलो होतो. एका शिंप्याच्या दुकानावरची खोली, खालून शिलाई मशीनची घरघर सतत वर यायची. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर घड्या केलेल्या कपड्यांचा ढीग. मी आलो म्हणून तिने तो घाईघाईने उचलला आणि ठेवायला जागा मिळेना, तशी हातात धरूनच बोलत राहिली. खुर्चीवर कोणी बसून किती दिवस झाले असतील हे मला विचारावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "ताई, घरी गाता की नाही?"

"छे. घरी कशाला?" ती म्हणाली. मग हातातले कपडे सावरत, "दिवसभर बोलायला कोणी नसतं हो. संध्याकाळी दुकानात जाते, साबण द्या म्हणते, आणि आवाज कोणाचातरी निघतो. परवा दुकानदार म्हणाला, तुम्ही अगदी रेडिओवाल्यांसारखं बोलता. मला कसंसंच झालं."

तिला जवळचं म्हणावं असं एकच माणूस होतं, तिची थोरली बहीण. लग्न करून दुसऱ्या गावी गेलेली. दर रविवारी अक्काचा फोन यायचा. अक्काला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, पण धाकटी बहीण रेकॉर्डिंगला गाते एवढं तिने पक्कं धरून ठेवलं होतं. रेडिओवर नवं गाणं लागलं की रविवारी ती विचारणार, "परवाचं ते तुझं का गं?" ही म्हणणार, नाही. "मग तुझं कधी?" "येईल." इतकी वर्षं हेच चाललं होतं. डमी म्हणजे काय ते हिने बहिणीला सांगितलंच नव्हतं.

"अक्कापासून लपवणं सोपं नाही," औषधाची गोळी हातात घेऊन ती म्हणाली. "लहानपणी आम्ही एका पांघरुणात झोपायचो. अंधारात मला काही सांगायचं असलं ना, तर मी तोंड उघडायच्या आधीच ती विचारायची, काय गं? तिला कसं कळायचं कोण जाणे. फोनवर बरं असतं, तिच्या घरी सारखी गडबड असते, तिला काही ऐकू येत नाही." मी पाण्याचा पेला भरून दिला आणि निघालो.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे एक नवा संगीतकार आला. हाडाचा हट्टी आणि जिभेचा तिखट, पण कान असलेला. त्याचं एक साधंसं गाणं होतं. घर सोडून गेलेल्या माणसाची वाट बघणारी बाई ते म्हणते. कडव्याची पहिली ओळ होती, 'अजून दार लावलेलं नाही'. डमीताईला समोर बसवून तो म्हणाला, "ताई, हे गाणं मी कोणाकडे नेणार नाही. हे तुमच्याच आवाजात राहणार. पुसायचं नाही."

तिचा चेहरा मी पाहिला. जाताना ती दारातून परत आली आणि मला हळूच म्हणाली, "दादा, अक्काला आत्ताच सांगू की झाल्यावर?" मी म्हटलं, झाल्यावर सांगा. ते बरं झालं.

ठरल्या दिवशी ती आली, चपला काढल्या आणि सवयीने विचारलं, "कोणासारखं गाऊ?"

"तुमच्यासारखं," संगीतकार म्हणाला.

ती हसली. काचेपलीकडे गेली, हेडफोन लावला, गायली. सुरेख गायली. संगीतकाराने बटण दाबून आत सांगितलं, "ताई, हे मोठ्या बाईंसारखं झालं. आता तुम्ही गा." ती पुन्हा गायली. या खेपेला दुसऱ्याच एक बाई निघाल्या. पुन्हा गायली, तर आमच्या लहानपणी गाजलेल्या कोणीतरी. सगळ्या आल्या त्या खोलीत, एकेक करून येऊन गेल्या, फक्त जिची वाट बघत होतो ती येईना. संगीतकार आधी समजावत होता, मग चिडला, मग गप्प बसला. मी काचेतून पाहत होतो. कडव्यापाशी आली की ती थांबायची, एक श्वास घ्यायची, आता काहीतरी सांगणार असं वाटायचं, मी कान टवकारायचो, आणि पुढची ओळ कोणाचीतरी व्हायची. शेवटी तिने हेडफोन काढून हातात घेतला.

"दादा, काही निघतच नाही हो," ती म्हणाली. "आतमध्ये बघितलं, तर सगळ्या आहेत. मीच नाहीये."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. तेच. मला त्या संगीतकाराचा राग आला होता. इतकी वर्षं एखाद्याला दुसऱ्याचे कपडे घालायला लावायचे आणि एके दिवशी म्हणायचं, आता तुझे घालून ये. ती आणणार कुठून? पण त्याचंही चुकत नव्हतं. गाण्याची तारीख जवळ आली आणि गाणं मोठ्या बाईंकडे गेलं. हे तिला सांगायचं धाडस संगीतकाराला होईना, तेव्हा मलाच फोन करावा लागला. पलीकडे शिलाई मशीनची घरघर ऐकू येत होती. ती म्हणाली, "बरं. त्यातली पहिली डमी ठेवा बाईंसाठी. ती त्यांच्यासारखीच गायलेय, त्यांना सोपं जाईल."

बाई आल्या, गायल्या, गेल्या. बाईंची शिस्त अशी की गाताना श्वास ऐकू येता कामा नये. अडाण्यासारखं वाटतं म्हणायच्या. म्हणून त्यांचे सगळे श्वास मी कापायचो. ते कापले, डमी पुसली, संगीतकाराला एकदा ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचं ऐकायला बोलावलं. तो डोळे मिटून ऐकत होता. कडवं आलं आणि त्याने खाडकन डोळे उघडले.

"काय काढलंस?"

"काही नाही काढलं."

"काल इथे काहीतरी होतं. अंगावर काटा आला होता माझ्या. आज नाहीये."

आम्ही शोधत बसलो. शेवटी सापडलं. डमी पुसताना पडद्यावर जिथून आवाजाची रेघ हलते तिथून पुढचं पुसायचं, ही माझी पद्धत. श्वास इतका बारीक असतो की तिथे रेघ सरळच दिसते. त्यामुळे त्या ओळीआधीचा डमीताईचा श्वास आदल्या दिवशी मागे राहून गेला होता, आणि आज सकाळी सफाई करताना तोही गेला होता. मी तो परत आणून लावला. संगीतकाराने पुन्हा ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "राहू दे," तो म्हणाला. "आणि कुठे बोलू नकोस." मी त्याला शब्द दिला. ताईला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, त्यामुळे हे कारण बरंच पडलं. जिला गाणं मिळालं नाही तिला काय सांगणार, तुमचा श्वास ठेवून घेतलाय म्हणून?

गाणं तुफान चाललं. आणि गंमत बघा, लोक त्या श्वासासाठी वेडे झाले. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक स्पर्धकांना म्हणाला, "सूर सगळ्यांनाच लागतो. मोठा आवाज कशाने होतो? त्या कडव्याआधी बाईंचा श्वास ऐका. त्या गात नाहीत, तुम्हाला काहीतरी सांगायला येताहेत." मी घरात एकटाच टीव्हीवर ओरडलो. राग या गोष्टीचा होता की तो बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पुढे तर पोरी त्या ओळीआधी दमा झाल्यासारखे श्वास घ्यायला लागल्या. मोठ्या बाईही कार्यक्रमात तिथे श्वास घ्यायला लागल्या. तो आपलाच आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं.

डमीताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुसलेलं गाणं ती पुन्हा ऐकत नसे. रस्त्यात लागलं तर पलीकडच्या बाजूने जाई.

एका सोमवारी ती आली. काम नव्हतं, तरी आली, आणि चपला काढताना काही विचारलं नाही. मी चहा मागवला.

"अक्काचं वय झालं बहुतेक," खुर्चीत बसत ती म्हणाली. "काल फोनवर काहीतरीच बोलत होती. म्हणे स्वयंपाकघरात भांडी पुसत होते, रेडिओ चालू होता, ते बाईंचं गाणं लागलं होतं. ते दाराचं. आणि मधेच मी मागे वळले आणि म्हटलं, काय गं? वळून बघते तर कोणी नाही. मग म्हणाली, तू बरी आहेस ना? बरी आहे म्हटलं मी. तर म्हणते, खरं सांग, तुला काही सांगायचं होतं का?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. शब्द दिला होता, पण दिलेल्या शब्दालाही कुठे थांबायचं ते कळायला हवं. मी यंत्र चालू केलं, बाई बंद केल्या, वाद्यं बंद केली आणि तिला हेडफोन दिला. त्या एवढ्या गाण्यात आता एकच गोष्ट उरली होती. तिने ती ऐकली. पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा.

"हा बाईंचा नाही," ती म्हणाली. "त्या इतका वरून घेत नाहीत. कोणासारखा आहे हा, दादा?"

"कोणासारखाच नाही," मी म्हटलं. "तुमचा आहे."

तिने हेडफोन काढून माझ्या टेबलावर ठेवला. मग फोन घेऊन काचेपलीकडे गेली, जिथे आयुष्यभर उभी राहिली त्याच जागी जाऊन उभी राहिली, आणि तिने नंबर लावला. रविवार नव्हता. घंटा वाजत असावी, कारण ती थांबून होती. मग उचलला गेला. तिने श्वास घेतला, बोलायला ओठ उघडले, आणि एकही शब्द न बोलता तशीच राहिली. हात तोंडावर गेला. पलीकडून काय विचारलं गेलं ते मला कळलं. मला असं विचारणारं कोणी नाही, म्हणून असेल, जरा लवकरच कळलं. तिच्यासमोरचा माईक चालू करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी ते दाबलं नाही.