विहीणबाई आणि सात नंबरचा अर्ज

कावळा शिवत नव्हता. पवनेच्या घाटावर ऊन चढलं होतं, आमच्या ह्यांच्या दहाव्याला जमलेली माणसं चोरून घड्याळं बघत होती, आणि पिंडापासून हातभर अंतरावर बसलेला कावळा मान वाकडी करून आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्हीच त्याच्या दारात जेवायला आलोय. मुलानं हात जोडून सांगितलं, "आप्पा, आईला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. दिरांनी गावाकडचं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. कावळ्यानं पंख खाजवला. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई, पुढे आल्या. पदर खोचला आणि पिंडाला म्हणाल्या, "इवाई, तुमचा जीव कशात अडकलाय त्ये मला ठावं हाय. मतदार यादीतलं तुमचं नाव म्या काढून घेते. सात नंबरचा अर्ज भरते. तुमच्या नावावर दुसऱ्या कुनाला मत टाकू देनार न्हाई. आता जेवा." आणि कावळा आला की हो. टुणकन उडी मारून भातात चोच घातली. विधवेनं नवऱ्याच्या दहाव्याला हसू नये म्हणतात. मी पदर तोंडात कोंबून हसले. बघणाऱ्यांना वाटलं हुंदका आहे.

माणसं देवाला भितात, सापाला भितात, पोलिसाला भितात. आमच्या विहीणबाई जगात एकाच गोष्टीला भीत, यादीत नाव नसण्याला. त्या मोशीच्या, जुन्या गावातल्या. शेतं गेली, त्यावर इमारती आल्या, आणि राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. आम्ही धाराशिवकडून पोटासाठी आलेलो, चिंचवडला स्टेशनजवळ राहणारे. तरी त्यांनी पोरगी दिली, कारण मुलगा चाकणच्या कंपनीत पर्मनंट होता. निदान कारण तेच, असं आम्हाला वाटत होतं. बोलणीच्या बैठकीत त्यांनी पगार विचारला नाही, घर कोणाच्या नावावर ते विचारलं नाही. चहाची कपबशी हातात धरून विचारलं, "नवऱ्या मुलाचं नाव कुटल्या यादीत हाय?" आमच्या ह्यांनी छाती फुगवून सांगितलं, "गावाकडंबी हाय आणि हितंबी हाय. दोन्हीकडं मान हाय पोराला." विहीणबाईंनी कपबशी खाली ठेवली. "दोन ठिकानी नाव म्हंजे गुन्हा हाय, इवाई. असल्या घरात पोरगी कशी द्यायची?" त्यांचे मालक कपाळाला हात लावून बसले. हुंडा, मानपान, पत्रिका ह्यांवरून मोडलेली लग्नं मी ढीगभर पाहिलीत. मतदार यादीवरून मोडायला आलेलं ते एकच. मुलानं गावाकडचं नाव काढलं, तेव्हा साखरपुडा झाला. लग्नानंतर सून अजून घरातली भांडी ओळखायला लागली नव्हती, तोवर तिचं नाव मोशीच्या यादीतून चिंचवडच्या यादीत आणायचा अर्ज घेऊन विहीणबाई दारात. मी म्हटलं, "अहो, अजून पाचपरतावण झालं नाही." त्या म्हणाल्या, "त्ये हुईल. निवडनूक थांबत न्हाई."

त्यांच्या खोल्यांत बीडचे, परभणीचे, बिहारचे भाडेकरू असत. बाकीचे घरमालक भाडेकरूला पत्त्याचा पुरावा द्यायला घाबरतात, उद्या खोली बळकावेल म्हणून. ह्या स्वतः भाडेपावती घेऊन त्याच्या मागे फिरत. एकजण म्हणाला, "काकू, माझं नाव गावाकडं आहे. निवडणुकीला गाडी येते न्यायला, जेवण पण असतं." विहीणबाई म्हणाल्या, "अस्सं! मत तिकडं देतूस आन् नळाला पानी न्हाई म्हनून सकाळच्या पारी माझ्या दारात बोंबलतूस व्हय? जा की मग, पानीबी तिकडनंच आन." भाडेकरूंतल्या एका गॅरेजवाल्याची बायको भिडस्त होती, पडद्यात फोटो कसा काढायचा म्हणून अडून बसली होती. विहीणबाईंनी फोटोवाल्याला दाराबाहेर उभं केलं, त्याच्या बायकोला बोलावून आणलं आणि तिच्याकडून फोटो काढवला. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं तोंड बघत नसत, डाव्या हाताचं बोट बघत. शाई नसली की चहा नसे. कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं त्यांना लांबून बघूनच हात वर करत.

आणि एवढं करून मत कुणाला दिलं, ते मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मोशी महापालिकेत यायच्या आधी त्यांचे मालक ग्रामपंचायतीला उभे राहिले होते आणि थोडक्या मतांनी पडले. घरी येऊन पहिला प्रश्न, "तू मला दिलंस ना गं?" ह्या म्हणाल्या, "मत गुप्त असतंय." ते दोन दिवस जेवले नाहीत. पुढे सगळं आयुष्य त्यांनी गोडीत विचारलं, रागात विचारलं, जत्रेत पाळण्यात बसल्यावर वरच्या टोकाला गेल्यावर विचारलं. शेवटच्या आजारात म्हणाले, "आता तरी सांग. मी जाऊन कुणाला सांगनार हाय?" विहीणबाईंनी त्यांचं अंग पुसलं, तोंडात पाणी घातलं, आणि म्हणाल्या, "गुप्त म्हंजे गुप्त." ते हसत हसत गेले, असं सून सांगते. मला खरं वाटतं.

मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं, "विहीणबाई, हे खूळ आलं कुठून?" मला वाटलं काहीतरी मोठं सांगतील. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "सातबाऱ्यावर माझं नाव न्हवतं. जमीन इकली तवा कुनी मला इचारलं न्हाई. घरावर न्हाई, गाडीवर न्हाई. लग्नात नावसुद्धा बदललं, म्हायेरचं गेलं. सरकारच्या एका कागदावर माझं नाव मालकांच्या बरोबरीनं छापून येतंय. त्यांचं मोठं आन् माझं बारीक, असं न्हाई. येकाच मापाचं. त्येबी सोडू व्हय?" मी चौथी शिकलेली बाई. मीही त्यांच्यासमोर भाजी निवडायला बसले.

तर घाटावर दिलेला शब्द त्यांनी पाळला, पण कसा ते ऐका. आमची दोघांची मतदार कार्डं एकाच पिशवीत होती. मी ती उचलून दिली. माझ्या कार्डावर माझ्या नावाखाली पतीचं नाव असतंच. विहीणबाईंनी चष्मा न लावता त्यावर ह्यांचं नाव वाचलं, हेच व्याह्यांचं कार्ड असं ठरवलं आणि अर्जात माझा नंबर उतरवला. फोटो म्हणाल तर इतका काळा की त्यात मी, आमचे हे आणि घाटावरचा तो कावळा, कोणीही खपलं असतं. पुढे निवडणूक कचेरीतून अर्ज तपासायला बाई आली तेव्हा मी चाकणला थोरल्या मुलीकडे, मुलगा आणि सून कामावर. शेजारणीनं सांगितलं, "हो हो, ह्या घरात वारलेत. दहावंही झालं." खोटं काहीच नव्हतं त्यात.

निवडणुकीची हवा सुरू झाली. यादी लागली आणि विहीणबाई व्याह्यांचं नाव गेलं का ते बघायला गेल्या. तिथून थेट माझ्याकडे. मी भाकरी थापत होते. एरवी दारातूनच हाक मारणाऱ्या बाई गुपचूप येऊन भिंतीला टेकून बसल्या.

"पाणी देऊ?"

"नगं. आदी ऐका. इहीणबाई, तुमचा खून झालाय."

"कोणी केला?"

"म्या."

मी भाकरी उलटली. "बरं. पण मेले तरी भाकरी जळू देऊन चालायचं नाही."

"चेष्टा न्हवं. यादीत तुमी मेल्यात आन् इवाई जित्ते हायेत."

"जन्मभर तेच झालं," मी म्हटलं. "राबायला मी आणि मिरवायला ते." त्यांना हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं घालणाऱ्या बाईच्या हातून एक जिवंत नाव गेलं होतं, आणि तेही घरातलं. मी समजूत घालायला गेले, "जाऊ द्या हो. मला काय त्याचं? आमचे हे सांगायचे ते बटण मी दाबायचे. आता सांगणारा गेला, बटणही गेलं."

विहीणबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. "म्हंजे तुमी आजवर येकदाबी मत दिलं न्हाई. इवायांनीच दोन दोन दिली."

भाकरी खरंच जळली. मला ते बोलणं लागलं. नवरा वाईट नव्हता माझा, पण बाईचं म्हणणं खरं होतं. नातवंडं असलेल्या बाईनं एकदाही मत दिलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नवीन नाव घालायची मुदत संपत आली होती. ती चुकली तर ही निवडणूक गेली, आणि ह्या वयात पुढच्या निवडणुकीचा भरवसा कोणी द्यायचा? मी हात धुतले. म्हटलं, "चला, कुठं जायचं?"

नवीन नावाचा अर्ज सहा नंबरचा. त्या रांगेत सगळ्या नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या कॉलेजच्या पोरी, आणि मध्ये आम्ही दोघी. खिडकीतल्या साहेबानं माझा अर्ज पाहिला, मला पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला. "आजी, नवीन मतदार? इतकी वर्षं नाव का नव्हतं?"

"होतं. मध्ये मेले होते."

"आणि आता?"

"आता बरी आहे."

मागच्या पोरी खुसखुसायला लागल्या. साहेब चांगला होता, पण नियमाचा. म्हणाला, "आम्हाला खात्री करावी लागते, आजी." विहीणबाईंनी मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी अख्खं ऑफिस दणाणेल एवढ्यानं ओरडले. "घ्या," विहीणबाई म्हणाल्या, "मेलेलं मानूस बोंबलतं व्हय?" साहेबानं कपाळावर हात मारून घेतला, मग आधार कार्ड, फोटो, सगळं नीट तपासून अर्ज घेतला. आमच्या ह्यांचा सात नंबरचाही पुन्हा भरून घेतला, आणि ह्या वेळी नंबर त्यानं स्वतः दोनदा वाचला. दंडावरचा काळानिळा डाग माझ्या बरेच दिवस राहिला.

पुरवणी यादीत माझं नाव आलं. ते मला कळलं कसं, तर गल्लीतून आवाज आला. विहीणबाई मोशीहून बसनं किलोभर बर्फी घेऊन आल्या होत्या आणि दारोदार वाटत होत्या. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. लोक विचारायचे, "कोणाला झाली?" त्या म्हणायच्या, "आमच्या इहीणबाई जनमल्या. तब्येत चांगली हाय." इस्त्रीवाल्यानं तर वजन विचारलं. मी दारात उभी राहून शिव्या घालत होते आणि खातही होते. त्या दिवशी जेवताना मी सहज विचारलं, "विहीणबाई, मग देऊ कुणाला?" त्यांनी घास खाली ठेवला. "येवढं रामायन झालं आन् तुमी मलाच इचारता? मला इवाई करता व्हय?" मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "बगा, वाचा, लोकांचं ऐका. पन तिथं आत गेल्यावर तुमीच."

मतदानाला थोडे दिवस उरले असताना, एका सकाळी मोशीच्या घरी विहीणबाई चहा टाकायला उठल्या आणि ओट्यापाशी खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. सून माहेरी गेली ती सुतक फिटेपर्यंत तिकडेच राहिली.

मतदानाच्या दिवशी मुलगा पहिल्या शिफ्टला गेला होता. मी शाळेपर्यंत चालत गेले. नाव सापडलं, शाई लागली, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले. बराच वेळ लागला असावा, कारण आतल्या माणसानं विचारलं, "आजी, कळत नाहीये का? घरच्या कोणाला बोलावू?"

"नको," मी म्हटलं. "कळतंय."

बटण दाबलं. ते वाजलं. बाहेर येऊन पायरीवर थोडी बसले, मग घरी गेले. कुणाला दिलं ते मुलानं संध्याकाळी विचारलं, सुनेनं फोनवर विचारलं. मी सांगितलं नाही.

आम्ही चौघं व्याही-विहिणी होतो. आधी मोशीचे व्याही गेले, मग आमचे हे, मग विहीणबाई. त्या निवडणुकीला चौघांतली मी एकटी होते.