दस्ती बाजूला करणारे काका

माझ्या मावशीचे यजमान म्हणजे अख्ख्या लातूर जिल्ह्यात व्यवहाराला सगळ्यात निरुपयोगी माणूस, आणि हे मी अतिशय प्रेमानं म्हणतो आहे. जन्मभर त्यांनी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. विकणाऱ्याला मालाची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो, हा त्यांचा आवडता धडा. बाकीचे प्राध्यापक धडा वर्गातच ठेवून घरी जातात, काकांनी तो घरी आणला. आंबे घेताना ते गाडेवाल्यालाच विचारतात, "यातले आंबट कोणते, ते तुम्हाला ठाऊक असणार. तेवढे बाजूला काढा." गाडेवाला आता त्यांना ओळखतो. "सर, आंब्याच्या पोटात शिरून बघू का?" म्हणतो आणि एक जास्तीचा टाकतो.

एकदा त्यांचे थोरले भाऊ देवणीच्या बाजारात बैल विकायला निघाले आणि काकांना सोबत नेण्याची चूक करून बसले. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, हातांवर टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. चारचौघांना पत्ता लागत नाही. सौदा जुळत आला, गिऱ्हाइकानं मान डोलावली, आणि काकांनी दस्ती बाजूला करून विचारलं, "उन्हाळ्यात हा औताला जुंपला की खाली बसतो, हे सांगितलं का?" झालं! "आमालाच बुडवायला शिकला का रं तू?" एवढंच भाऊ बोलले. घरी येईपर्यंत मग त्यांनी बैलाशी गप्पा मारल्या, काकांशी नाही.

परदेशातून कुणी आलं की काका आधी तिथल्या कटिंगचा भाव विचारतात, तब्येतपाणी नंतर. "मोबाइल जहाजात बसून कुठंही जातो, म्हणून त्याचा भाव सगळीकडं साधारण सारखा. आपला न्हावी काही रोज जर्मनीला जात नाही. म्हणून तिकडं कटिंग महाग, इकडं स्वस्त," असं समजावतात आणि स्वतःच खूश होतात.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, शुभांगीला, नांदेडचं स्थळ आलं. मुलगा जर्मनीत नोकरीला होता, आणि मुख्य म्हणजे तिला मनापासून आवडला होता. शुभांगीला लहानपणच्या तापामुळं उजव्या कानानं ऐकू येत नाही. काकांनी चहाच्या आधीच हे जाहीर केल्यामुळं मागची स्थळं परत फिरली होती. यावेळी मावशीनं त्यांना माहूरच्या रेणुकामातेची शपथ घातली. "मी सांगते सावकाशीनं. आज तुमी तोंड उघडायचं न्हाई!"

काका गप्प बसले. समोर जर्मनीचा मुलगा असून त्यांनी कटिंगचा भाव विचारला नाही, यावरून त्यांच्या हालांची कल्पना यावी. नुसता घाम पुसत होते. पाहुणे चपला घालू लागले तेव्हा मात्र ते दारात आडवे आले.

"रेणुकाआई माफ करील मला. पोरीला उजव्या कानानं ऐकू येत नाही. तुम्हाला हे कळलं पाहिजे."

मावशी त्यांची बाही धरून मागं ओढू लागली. मुलगा हसला. "काका, शुभांगीनं पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. माझ्या आईलाही माहितंय. म्हणून तर मी मघापासून तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो."

घरात ज्यांना ठाऊक नव्हतं अशी माणसं काका आणि मावशीच निघाली. "माझीच पोरगी," एवढंच काका म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.

आता लग्न होऊन शुभांगी जर्मनीत असते. परवा तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. दुकानात मेथी दिसली होती, पण भाव ऐकून तिनं जुडी परत ठेवली म्हणे; तेवढ्या पैशांत लातूरला पोतंभर आली असती. मला वाटलं, सुरू झालं आता व्याख्यान.

"घेत जा बाई," काका मात्र म्हणाले. "रुपयांत मोजत बसू नको. खावंसं वाटलं की घेत जा."

त्या दिवशी मावशीनं नेमकी मेथीच केली होती. काका दोन घास खाऊन उठले.