उपरण्याखालची पाच बोटं

आमच्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. सत्तर-बहात्तर साली त्यांचे कान गेले, पण कबूल करतील तर शपथ. त्यांच्या मते लोकच त्यांना फसवायला हळू बोलू लागले होते. देवळातली घंटा ऐकू येईना, तर यांचा संशय पुजाऱ्यावर. एका अडत्याकडे ते कांद्याचे लिलाव पुकारायचे. स्वतःचा आवाज खणखणीत, पण समोरची बोली कळेना. दोनदा चढलेली बोली सोडून कांदा खालच्या भावात दिला, तशी अडत्याने त्यांना घरी बसवलं. "समद्यांनी कट केलाय," ते मला म्हणाले.

मग ते बैलबाजारात दलाली करू लागले. तिथे भाव तोंडाने सांगतच नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा होतो. कानांवाचून अडेना. मिळकत मात्र निम्म्यावर आली आणि मुलगी लग्नाची. मी मुंबईहून कानाचं मशीन आणून दिलं, खिशात डबी आणि कानात वायर. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "ह्यातून माझं बोलनं कुनाला ऐकू जातंय?" एवढं विचारून त्यांनी ते ट्रंकेत टाकलं.

पुढे येवल्याचे एक मास्तर आपल्या मुलासाठी मुलगी बघायला आले. पसंती झाली. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "आम्हाला हुंडा नको. मुलगी तेवढी द्या." साडूंना त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांनी सरळ मास्तरांच्या हातावर उपरणं टाकलं आणि खाली हात घातला. मी कपाळाला हात लावला. मास्तरांना वाटलं, यांच्याकडची रीतच असेल. त्यांनी प्रेमाने साडूंची पाचही बोटं घट्ट धरली. बाजारच्या हिशेबाने ते झाले पाच हजार. साडूंचा चेहरा उतरला. "नाय जमायचं आपल्याला," म्हणून ते उठलेच. मास्तर गोंधळून चपला शोधू लागले आणि दारामागे पोरगी रडायला लागली.

मी त्यांच्या कानाशी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. "तुमी त्येंच्या बाजूचं," असं म्हणून ते माझ्यावरच उखडले. शेवटी माझी मेहुणी ट्रंकेतलं मशीन घेऊन आली आणि चौघांदेखत तिने ते नवऱ्याच्या कानात बसवलं. मास्तर पुन्हा म्हणाले, "हुंडा नको."

"परत बोला," साडू म्हणाले. मास्तर बोलले. "आनखी एकदा." आता मात्र मला राग आला. "अहो, किती संशय घ्याल?"

"संशय नाय, साडूभाऊ," त्यांचे डोळे भरले होते. "लय वर्सांनी कुनीतरी वरडल्याबिगर बोलतंय माझ्याशी. बोलू द्या त्येंना."