रॉकेल उतरलं त्या साली

पैसा वाचवण्यापायी आमच्या घरात जेवढा खर्च झाला, तेवढा लग्नकार्यातही झाला नसेल. सासरची निंदा करायची म्हणून हे सांगत नाही. त्या खर्चात माझ्या दोन हातांचाही वाटा होता. गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. लग्न होऊन मी महाडहून पोलादपूरकडच्या एका वाडीत आले होते. नवरा मुंबईला गिरणीत. घरात आम्ही तिघंच: मी, माझे सासरे, म्हणजे मामंजी, आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळी वाडी आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणू लागले. लग्नानंतर दोन वर्षांत त्यांचा नवरा वारला आणि त्या भावाकडे परत आल्या, त्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली होती.

घरातला उजेड आत्यांच्या ताब्यात होता. उन्हाळाभर नदीकाठच्या करंजांखाली वाकून शेंगा वेचायच्या, वाळवायच्या, फोडून बिया काढायच्या, घाण्यावर नेऊन तेल आणायचं आणि पेंड मजुरीपोटी घाणेवाल्याला सोडायची, हे सगळं त्या एकट्या करत. तेलाचा बुधला त्यांच्या उशाशी. संध्याकाळी दिव्यात पळीभर तेल पडायचं, आणि पळीभर म्हणजे पळीभरच. जेवणं उरकायच्या आत ते संपलं, तर उरलेला भात चाचपून खायचा. मामंजी एकदा म्हणाले, "आक्के, वात जरा फुडं कर की." आत्या म्हणाल्या, "तोंड कुठं हाय ता ठावं हाय ना तुला? मंग जेव." उजेडाला आमच्या घरात एक पै पडत नव्हती. आत्यांची कंबर दुखायची, पण ती खर्चात धरायची पद्धत नव्हती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी महाडहून येणाऱ्या एका गाडीवानाने रस्त्यावरूनच हाळी दिली, "म्हाडाला रॉकेल उतरलं हो!"

आता महाड पडलं बंदर. तिथे माल उतरला म्हणजे मचव्यावरून धक्क्यावर उतरला. भावही उतरू शकतो, नाही असं नाही, पण तो उतरताना आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. मामंजी म्हणाले, भाव उतरला. आत्या म्हणाल्या, डबे उतरले. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. शेवटी मला महाडची म्हणून साक्षीला बोलावलं. मी सुनेला शोभेलसं दोघांचंही खरं म्हटलं, आणि गंमत अशी की दोघांचंही खरं निघालं. धक्क्यावर इतके डबे येऊन पडले होते की दुकानदारांत चुरस लागून भाव घसरला होता.

मामंजी बाटली घेऊन महाडला गेले आणि गाडी भरून परत आले. रॉकेलचा अख्खा डबा, भिंतीवर टांगायचा काचेचा मोठा दिवा, पत्र्याच्या दोन चिमण्या, वाती, नरसाळं. एवढा खर्च कशाला, असं आत्यांनी विचारलं, तर म्हणाले, "त्याल फुकट पडल्यागत हाय. मंग दिवं नको घ्यायला?" पुढे त्यांनी याचं शास्त्रच केलं. दर बाटलीमागे इतके पैसे वाचतात, तेव्हा जितक्या बाटल्या जास्त जाळू तितके पैसे जास्त वाचतील. या शास्त्रात काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, पण काय ते सासऱ्यांना सांगायची सोय नव्हती.

अंधार किती स्वस्त होता, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं. दिवा लागला आणि भिंती काळ्याकुट्ट असल्याचं दिसलं. चुना आणावा लागला. मामंजींना आपल्या धोतराची ठिगळं दिसली, धोतरजोडी आली. ताटातले खडे दिसले, आणि मला रोज तांदूळ दोनदा निवडावे लागले. मग वाडीला आमचा दिवा दिसला. जेवण झालं की चार-पाच जण पत्ते कुटायला ओटीवर हजर. एवढ्या उजेडात माणसाला नुसतं कसं बसवायचं, म्हणून गुळाचा चहा. चहावर पान, पानावर तंबाखू. कुणीतरी मुंबईहून सामानाला गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा कागद आणायचा आणि मामंजी मला दाराआडून तो मोठ्याने वाचायला लावायचे. जहाजांच्या वेळा आणि साबणाची जाहिरात ऐकून मंडळी माना डोलवायची. मामंजी खुशीत होते. घरात कधी नव्हे ती माणसं येत होती, आणि रॉकेल स्वस्त होतं.

अडचण एवढीच की त्याच साली भातही उतरलं, म्हणजे आम्ही विकायचो त्या भाताचा भाव. ही दुसरी बातमीही त्याच गाडीवानाने आणली होती, पण मामंजींना ती ऐकू आली नाही.

चैत्रात करंजाच्या शेंगा गळायला लागल्या. आत्या टोपली घेऊन निघाल्या तशी मामंजींनी हाक मारली, "आक्के, आता कशाला गो मरतंस उन्हात?" त्यांना वाटलं आपण बहिणीवर माया करतोय. आत्यांनी टोपली खाली ठेवली. पूर्वी वाटीभर तेल उसनं मागायला बाया त्यांच्याकडे यायच्या आणि तासतासभर बोलत बसायच्या. आता त्यांनीही रॉकेल आणलं होतं. आत्या दिवसभर मागल्या दारी बसून राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "रॉकेलाबरबर मी पन उतरले गो." मी हसले, कारण मला वाटलं त्या चेष्टा करतायत. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली.

दिव्याची काच पुसायचं काम माझ्याकडे होतं. रात्रभर काजळी धरलेल्या काचेत राखेचं फडकं घालून हात फिरवायचा. माझे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. वर सारल्या तरी घसरून मनगटावर यायच्या. पहिली काच बांगडी लागून गेली. दुसरी तशीच गेली, शिवाय दोन बांगड्या वाढल्या (फुटल्या म्हणायचं नाही), तर आत्यांनी काचेची फिकीर सोडून आधी मला देवापुढे हात जोडायला लावले. मामंजी चिडले. "तुमाला बायांना काय जमंल तर शप्पत," म्हणून त्यांनी काठीला फडकं बांधलं आणि तिसरी काच स्वतः फोडली. काचेचा भाव काही उतरला नव्हता. दर वेळी महाडहून नवी आणायची, तीही पेंढ्यात गुंडाळून मांडीवर धरून.

मग एकदा मामंजी गंभीरपणे विचाराला बसले. रॉकेल स्वस्त, तरी हातात पैसा का उरत नाही? चहा बंद करता येत नव्हता, चारचौघांत नाक कापलं गेलं असतं. दिवा तर नाहीच. शोधता शोधता त्यांना घरातला एक वरखर्च सापडला. म्हणाले, "आक्के, चार म्हैनं तुडीलला दिराकडं जाऊन ऱ्हा. तुला पन जरा बदल."

तुडील आत्यांचं सासर, पण तीस वर्षांत त्या दिराने बहीण-भावाला कधी साधा निरोप धाडला नव्हता. ते चार महिने कधी संपणार नाहीत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. एका शब्दासाठी दोन दिवस भांडलेल्या आत्या उठून आत गेल्या. त्यांनी लुगड्यात दोन लुगडी बांधली.

निघायच्या सकाळी मामंजींनी बैल जुंपले. संध्याकाळी पत्त्यांना मंडळी यायची होती, म्हणून जाता जाता मला बजावलं, काच पूस, आणि ही चौथी हाय हा! मी ओटीवर राख घेऊन बसले. बांगड्या काचेच्या कडेला किणकिणायला लागल्या तसे मामंजी ओरडले, "अगो, मंग घटकाभर काढून ठेव की त्या बांगड्या!"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. मुलगा मुंबईत, आणि हे सुनेला बांगड्या उतरवायला सांगतात! आत्या गाडीत चढायच्या थांबल्या. महिनाभराची सगळी भांडणं त्यांनी एकदम काढली. "जिभंला हाड हाय का तुज्या? पोराचा बाप हाईस का कोन हाईस? पोरीचं हात मोकळं करतंस, कशापायी, तर काचंपायी?" गाठोडं त्यांनी ओटीवर आपटलं, माझ्या हातातून काच घेतली, फडकं राखेत बुडवलं आणि हात आत घातला.

त्यांचा हात सुकलेला, लांब बोटांचा. मनगटापर्यंत सरळ आत गेला. कुठे अडला नाही, कुठे वाजला नाही. गोल गोल फिरला आणि बाहेर आला. काच लख्ख.

मामंजी बघत राहिले. म्हणाले, "फुटली कशी नाय?"

"कशानं फुटंल?" आत्या म्हणाल्या. राग ओसरला होता. भाजीत मीठ किती ते सांगावं तसं सांगितलं. "माज्या हातात हाय काय?"

मामंजींनी त्या हाताकडे पाहिलं. रोज त्याच हाताने वाढलेलं जेवत होते, पण असं पाहिलं ते बहुतेक पहिल्यांदाच. त्यांच्याने बहिणीला राहा म्हणवेना, चुकलो म्हणवेना. खाली मान घालून ते गाडीपाशी गेले आणि बैल सोडायला लागले. "काय झालं?" आत्यांनी विचारलं. "नाय, काच कोन पुसनार मंग," असं काहीसं ते बैलालाच सांगत होते. आत्या गाठोडं उचलून आत गेल्या. मी चुलीपाशी जाऊन रडले. बांगड्या वाजून आत्यांना कळू नये, म्हणून दोन्ही हात पोटाशी गच्च धरले होते.