खैऱ्याचे ढेकर

सकाळी आठ वाजता, जव्हारमधल्या एका भाड्याच्या गोठ्यात, मुंबईच्या एका प्रोफेसरांनी जवळच्या वांगणी गावातल्या बैलाच्या तोंडावर कातडी टोपी चढवली आणि तिला रबरी नळी जोडली. ठाण्याच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार म्हणून मी हजर होतो. अशा जागी एक किस्सा घडला की दुसरा त्याच्या मागोमाग दारात उभा असतो. संपादकांनी एकही छापला नाही, म्हणून सांगतो.

कोणत्या चाऱ्याने बैल ढेकरातून किती जळाऊ वायू सोडतो, हे प्रोफेसरांना मोजायचं होतं. भाताचा पेंढा, नागलीचा पेंढा आणि डोंगरातलं गवत, असे तीन चारे. बैल वांगणीचा शेतकरी लखमा याचा, नाव खैऱ्या. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी परत देतो, असा शब्द देऊन शिमग्यानंतर आणलेला. घरी जोडीतला दुसरा एकटा उरला होता, आणि एका बैलावर चिखलणी होत नाही.

टोपी चढताच खैऱ्या चालू लागला, मधल्या खांबाभोवती गोल गोल. नळी खांबाला गुंडाळली गेली आणि प्रोफेसरांचे सहायक नेने तिच्यात अडकले.

"पिसाळला की काय हा?" प्रोफेसर म्हणाले.

"नाय साहेब. खळ्यावर मुसकं बांधून फिरवतो ना आमी. तू तोंड बांधलंस, त्याला वाटलं मळणी लागली," बैलासोबत आलेला लखमा म्हणाला.

*

ढेकर येतोय हे आधी कळावं म्हणून नेने बैलाच्या पोटाला कान लावून बसत. बाजाराला आलेल्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी शेळी घेऊन दारात.

"भगतदादा, ही दूध देत नाय. हिला पन विचार."

नेन्यांनी तिला हाकललं.

"म्हंजे तुला बैलाचंच कळतं," म्हातारी म्हणाली आणि शेळी घेऊन गेली.

*

एका संध्याकाळी प्रोफेसरांनी गावातल्या शिकलेल्यांपुढे व्याख्यान दिलं. "हा वायू म्हणजे वाया गेलेला चारा. चाऱ्यातली शक्ती बैल हवेत उधळतो."

मी उभा राहिलो. "आणि तुम्ही बांधून ठेवलेल्या बैलाची शक्ती कोण उधळतंय? वांगणीत भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले."

"विज्ञानाला घाई चालत नाही."

"पावसाला चालते."

टाळी एकानेही वाजवली नाही.

*

आवणी तोंडावर आली तेव्हा लखमा बैल न्यायला आला. मी सोबत होतो. गोठ्याला कुलूप. राखणदार म्हणाला, "साहेब गेले. बैल मालकाच्या ताब्यात दिला."

"मालक त मीच."

"मला सांगितलं ते मी सांगितलं."

मी मुंबईला जाऊन प्रोफेसरांना गाठलं. त्यांनी कपाट उघडून वायूच्या बाटल्या दाखवल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी : खैऱ्या, नागली. खैऱ्या, गवत.

"घाटातून आल्या, पण सगळ्या सुखरूप," ते कौतुकाने म्हणाले.

"आणि बैल?"

"ते नेन्यांकडे होतं."

नेने म्हणाले, "साहेबांनी सांगितलं तसं केलं. त्यांनाच विचारा."

त्या वर्षी लखमाने आणि त्याच्या बायकोने कुदळीने चिखल केला. खैऱ्या कोणाच्या हातात दिला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.