डबा बाधला

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? लपवून ठेवण्याचाही आता कंटाळा आला आहे. गोष्ट तशी लहान आहे. पोट बिघडण्याची. ऐकून तुम्ही हसालही. पण त्यात एका बाईचं नाव गेलं, आणि ते मी घालवलं.

मी भिवापूरचा. मिरचीचं गाव. बाबा मिरचीची पोती उचलायचे, आई देठ खुडायला जायची. संध्याकाळी तिच्या हातांची इतकी आग व्हायची की ती मला जवळ घ्यायची नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि नागपूरला येऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे याचा संबंध आहे.

नागपुरात मला जगवलं मंदाकाकूनं. नात्याची नव्हे. अजनीला दोन खोल्यांत राहायची, पोरांना डबे द्यायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. परीक्षेच्या दिवसांत माझ्या डब्यात न सांगता दोन पोळ्या जास्त असत. पदवी मिळाली तेव्हाचा माझा झग्यातला फोटो तिनं देव्हाऱ्याशेजारी लावला होता. अजून आहे तो तिथे.

काकू तिसरी शिकलेली. इंग्रजी लिहिलेलं काहीही हातात आलं — औषधाची स्ट्रिप, मसाल्याचं पाकीट, गॅसचा कागद — की ती माझ्यापुढे धरायची. “वाच गा, तू शिकेल माणूस आहे.” मी वाचायचो. संपलं असं वाटलं की ती पाकीट उलटं करायची. “अन् खालचं? खाली बारीक लिहून असते ना, थेच कामाचं असते.” ती माझी परीक्षा घेते आहे असं मला वाटायचं. ती फक्त शहाणी होती.

रामदासपेठेत एका आर्किटेक्टकडे नोकरी लागली, तेव्हा पहिल्या महिन्यातच मी ऑफिसातल्या पाच जणांना काकूचा डबा लावून दिला. माझा धरून सहा. त्यांचं पाहून त्याच इमारतीतल्या इतरांनी लावला. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात तिच्या फोडणीचा आणि सांबाराचा वास असायचा — सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. लोक मला म्हणायचे, तुझ्या काकूच्या हाताला काय चव आहे! मला फार बरं वाटायचं. उपकार थोडे फिटल्यासारखे वाटायचे.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो, आणि अजून एक गोष्ट आधी सांगावी लागते.

मी खर्रा खायचो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात तो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून. नागपुरात हे काही जगावेगळं नाही, पण माझ्या बाबतीत होतं. कारण काकू सगळ्यांना सांगायची, “माह्या पोराले सुपारीचंबी व्यसन नाही.” ऑफिसातही मी साधा, सज्जन, निर्व्यसनी म्हणूनच ओळखला जायचो. मी कधी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दोन्हींत फरक असतो असं तेव्हा मला वाटायचं.

मग मी खर्रा सोडायचं ठरवलं. कुणाला न सांगताच — खातो हेच कुणाला माहीत नव्हतं, तर सोडतो हे कसं सांगणार? तोंडाला चाळा हवा म्हणून साखर नसलेलं च्युइंगम घेतलं. साखर नाही म्हणजे निर्धोक, असा माझा हिशेब. खर्ऱ्याची आठवण आली की एक गोळी. आठवण दिवसभर यायची. सकाळी फोडलेलं पाकीट दुपारी संपायचं आणि मी दुसरं फोडायचो.

चार-पाच दिवसांत पोटात गुरगुर सुरू झाली. मग फुगायला लागलं. मग धावपळ. आमच्या ऑफिसात शौचालय एकच, तेही साहेबांच्या केबिनला लागून. शेजारच्या टेबलावरचा कोल्हे मोठ्यानं म्हणाला, “काय गा, संडास भाड्यानं घेतला का तू?” सगळे हसले. मीही हसलो. मग त्यानं विचारलं, “पण खाल्लं काय तू?”

तो क्षण मला नीट आठवतो. तोंडात गोळी होती. ती मी गालात सरकवली आणि म्हणालो, “डबा बाधला वाटते.”

एवढंच. एक शब्द — बाधला. आपल्याकडे तो किती सहज म्हणतात! दही बाधलं, वांगं बाधलं, पाणी बाधलं. पण डबा बाधला म्हणजे काय बाधलं? करणारीचा हात बाधला.

बाकीचे पाच जण तोच डबा खात होते आणि ठणठणीत होते. हे कुणाच्या लक्षात आलं नाही? माझ्या आलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी एकाला जळजळल्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवशी आणखी एकाला मळमळलं. शंका अशीच पसरते. आठवड्यात सहाही डबे बंद झाले. मग खालच्या मजल्यावरचे. आणि काकूला सांगायचं काम आलं माझ्याकडे, कारण डबे मी लावले होते.

ती आधी हसली. “भिवापूरचा माणूस अन् तिखटाले भेते!” मग तिनं माझा उतरलेला चेहरा पाहिला. म्हणाली, “खरं सांग गा, काय बाधलं?” मी म्हणालो, तेल असेल. का म्हणालो? काहीतरी म्हणायचं होतं. तिनं तेलाचा डबा माझ्यासमोर मोरीत उपडा केला. हिंग बदलला. भांडी उकळून घेतली. तरी लोक परतले नाहीत, तेव्हा एके दिवशी शांतपणे म्हणाली, “मीच म्हातारी होऊन राहिली. डोयानं दिसत नाही आता. गेलं असन काही पडून.” मी समोर बसलो होतो. तोंडात गोळी होती.

पोट थांबेना तेव्हा मी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी जेवणाचं विचारलं, पाण्याचं विचारलं, मी सगळ्याला डबा, डबा म्हणत राहिलो, तो बंद होऊनही. त्यांनी माझ्या जबड्याकडे पाहिलं. “आत्ता काय चघळताय?” मी पाकीट काढून दिलं. त्यांनी ते उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. अगदी काकूसारखं.

खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात.

त्यांनी समजावून सांगितलं. साखरेऐवजी घालतात ते सॉर्बिटॉल, माल्टिटॉल आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. ते आतड्यात पाणी ओढून घेतं, उरलेल्यावर जिवाणू गॅस करतात. एखाद्याला दोन गोळ्या चालतात, नाजूक पोट बिघडायला तेवढ्याही पुरतात. आणि तुम्ही किती खाता? मी खरा आकडा सांगितला नाही. निम्मा सांगितला, तरी ते हसले. च्युइंगम बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी मी बरा झालो.

रसायनशास्त्र माझा विषय होता. घराण्यात इंग्रजी वाचता येणारा मी पहिला. आणि ती ओळ मी वाचली नव्हती.

त्याच दिवशी अजनीला जायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं — काकू, तुझा डबा नव्हता. पण पुढे ती विचारणार, मग काय होतं? च्युइंगम. काहून खात होता एवढं? मग खर्रा. मग देव्हाऱ्याशेजारचा फोटो. मी गेलो नाही. दिवाळी यायच्या आत काकूनं डबे देणंच बंद केलं. मोठी भांडी कुणाला तरी देऊन टाकली.

याला सहा वर्षं झाली. खर्रा सुटला तो सुटलाच. पोट मात्र माझं खरंच नाजूक आहे, आता सांभाळावं लागतं. शुगर-फ्री बिस्किट असो, मिठाई असो, खोकल्याचं औषध असो, मी आधी उलटं करतो. शेवटी ‘टॉल’ असलेली नावं शोधतो. चालतं किती, ते थोडं थोडं खाऊन, लिहून ठेवून शोधून काढलं आहे — गोळी दिवसाला एक, शुगर-फ्री बर्फी अजिबात नाही. नाशपाती, सफरचंदात सॉर्बिटॉल मुळातच असतं, म्हणून अर्धी फोड. लग्नाकार्यात लोक मला विचारतात, मी समजावून सांगतो. लोक म्हणतात, शिकलेल्या माणसाचं असं असतं बघा. मी मान हलवतो.

आणि काकू? दर गुरुवारी माझ्यासाठी डबा करते. फक्त माझ्यासाठी. मिरची नाही, तर्री नाही, फोडणीसुद्धा जिऱ्यापुरती. मऊ भात, फिकं वरण, ताक. कधीतरी माझं पोट तिच्या हातून बिघडलं, त्याची भरपाई. नको म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणते.

मागच्या गुरुवारी गेलो तेव्हा तिनं डब्याबरोबर एक पाकीट पुढे केलं. लिंबाच्या गोळ्या, साखर नसलेल्या. दुकानदारानं सांगितलं होतं, पोटाला हलक्या असतात. “तुह्यासाठी आणल्या. पण आधी वाच गा, तुले चालते का?”

मी वाचलं. लिंबाचा स्वाद, रंग, माल्टिटॉल — तेही वाचलं, तिला त्यातलं काय कळणार होतं. मग थांबलो.

“अन् खालचं?” ती म्हणाली. “खालचं बारीक?”

चष्म्याआडून ती माझ्याकडे पाहत होती. ओळ तीच होती, शब्दन् शब्द तीच. ती वाचली असती तर पुढचं सगळं तिनंच विचारलं असतं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

“काही नाही काकू,” मी म्हणालो. “कोरड्या जागी ठेवा, एवढंच लिहून आहे.”

तिनं समाधानानं मान हलवली. मी गोळ्या खिशात टाकल्या, तिथेच बसून डबा उघडला, आणि ती समोर पाहत असताना तिचं ते फिकं वरण सगळं खाल्लं.